घरचे काम घरीच : हलणारा संडास पक्का कसा करावा

चैत्र लागला की नागझिऱ्याच्या रानाकडेच्या गावांत उशिरापर्यंत कोणी झोपत नाही. मोहाची फुले रात्री उमलतात नि पहाटे गळतात. गुरे, हरणे, अस्वले यांच्या आधी ती वेचून आणायची म्हणून बायामाणसे झुंजुमुंजू व्हायच्या आतच टोपल्या घेऊन निघतात.

अशाच एका चैत्रात आम्ही त्या भागात नात्यातल्या एका घरी मुक्कामाला होतो. पहाटे चारच्या सुमारास फाटकाची कडी वाजली. पाहतो तो घरातल्या आजी काठी टेकत बाहेर निघालेल्या. मोह वेचायला निघाल्या असतील असे वाटले. पण हातात टोपली नव्हती, टमरेल होते!

आम्हांला नवल वाटले. कारण आजींचे गुडघे दुखतात म्हणून नातवाने दोन वर्षांपूर्वीच मागच्या अंगणातल्या संडासात खुर्चीसारखे बसायचे कमोड बसवून घेतले होते. सुनेलाही हा प्रकार ठाऊक नव्हता. सकाळी चहाच्या वेळी तिने विचारले, "मामी, घरी संडास असून तुमी रानात कायले जाता?"

आजी म्हणाल्या, "हालते नं माय ते! त्याच्यावर बसलं का झाडाच्या फांदीवर बसल्यावानी वाटते. रानात जमीन तरी हालत नाही."

घरातले सगळे हसले. आम्हीही हसलो. पण संडासात जाऊन पाहिले तेव्हा हसू मावळले. कमोडच्या पायाशी दोन स्क्रू असतात. त्यांतला एक गंजून तुटला होता, दुसरा भोकात नुसता गरगर फिरत होता. एवढ्याशा दोन स्क्रूंपायी सत्तरी उलटलेली बाई रोज पहाटेच्या अंधारात रानाच्या कडेला जात होती.

आणि ते रान साधे नव्हे. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून या रानात सोडण्यात आल्या. रानाच्या दृष्टीने ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण अंधारात खाली बसलेले माणूस जनावराला माणसासारखे दिसत नाही, हे रानाकडेच्या लोकांना सांगायला नको. मोहाच्या दिवसांत अस्वल त्याच झाडांखाली त्याच वेळेला येते. साप-विंचू तर बाराही महिने. म्हणून या आठवड्याला हाच विषय घेतला आहे. कोणाला तो हलका वाटेल, पण विषय हलका नाही, संडास हलका झाला आहे!

बांधला, पण टिकवला का?

आपल्या महाराष्ट्राला या कामाची जुनी परंपरा आहे. गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्यापासून सोनखत करण्याचे प्रयोग केले. पुढे २०००-०१ पासून गाडगेबाबांच्या नावाचे ग्राम स्वच्छता अभियान गावोगाव चालले. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झाले आणि घरच्या संडासासाठी १२ हजार रुपयांचे अनुदान मिळू लागले. त्यातून लाखो घरांच्या अंगणात संडास उभे राहिले.

उभे राहिले खरे, पण त्यांतले किती वापरात राहिले? काही ठिकाणी आत गोवऱ्या रचलेल्या असतात, कुठे जुने टिनपत्रे. विचारले तर म्हणतात, "भांडे हालत होते, मग कोणी जाईना." बैलगाडीच्या चाकाची धाव सैल झाली तर आपण गाडी टाकून देत नाही, त्याच दिवशी ठोकून घेतो. मग संडासाचीच हेळसांड का? घर बांधताना गवंडी लागतो. पण घर टिकवायला घरातलेच माणूस लागते.

आधी शोधा, मग ठोका

संडास हलतो म्हणजे नेमके काय हलते, हे पाहिल्याशिवाय हत्यार हाती घेऊ नये. बरेच जण सरळ सिमेंट कालवतात आणि कडेने थापून मोकळे होतात. महिन्याभरात ते सिमेंट तडकते आणि हलणे पूर्वीसारखेच सुरू राहते. त्यापेक्षा चार परीक्षा करून पाहाव्यात.

पहिली परीक्षा बैठकीची. कमोडवरची प्लॅस्टिकची बैठक तेवढी सरकत असेल, तर तिच्या मागच्या बाजूला खालून दोन चाक्या असतात, त्या हाताने आवळाव्यात. पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरी परीक्षा भांड्याची. एक हात पुढे व एक मागे धरून भांडे हळूच हलवावे आणि नजर फरशीवर ठेवावी. भांडे आणि फरशी यांच्यामध्ये फट उघडमीट होत असेल, तर दोष स्क्रूंचा किंवा खालच्या उंचसखलपणाचा आहे.

तिसरी परीक्षा फरशीची. भांड्याला न शिवता बाजूला उभे राहून टाच आपटावी. पोकळ आवाज आला किंवा फरशीच दबली, तर खालचा भराव खचला आहे. अशा वेळी स्क्रू आवळून काही उपयोग नाही.

चौथी परीक्षा राखेची. भांड्याच्या बुडाभोवती आणि मागच्या सांध्याखाली चुलीतली कोरडी राख पसरावी. मग दोन-तीन वेळा पाणी टाकावे आणि थोड्या वेळाने पाहावे. राख कोरडी राहिली तर सांधा शाबूत आहे. कुठे ओली झाली तर तिथून घाण पाणी झिरपते आहे. ही परीक्षा फार महत्त्वाची. कारण हलणाऱ्या भांड्याचा खरा धोका पडण्याइतकाच झिरपण्याचा असतो. झिरपलेले पाणी फरशीखाली मुरते, भराव आणखी खचवते, वास आणि माश्या आणते.

कमोड हलत असेल तर

राख कोरडी राहिली असेल तर हे काम घरच्या घरी होते. सामान इतकेच लागते: न गंजणाऱ्या पोलादाचे किंवा पितळी दोन स्क्रू, त्यांना बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या दोन गिट्ट्या (काही दुकानदार त्यांना रावळ प्लग म्हणतात), रबरी वायसर, थोडे पांढरे सिमेंट आणि एक पेचकस. जुना स्क्रू नमुन्याला सोबत न्यावा, म्हणजे मापात चूक होत नाही. साधा लोखंडी स्क्रू स्वस्त पडतो म्हणून घेऊ नये. ओलीत तो दोन पावसाळेही काढत नाही.

प्रथम जुने स्क्रू काढावेत. गंजलेला निघत नसेल तर त्यावर थोडे रॉकेल किंवा तेल सोडून तासभर थांबावे. जोर करून भांड्याला हिसका देऊ नये, नाहीतर मागचा चांगला सांधा निखळेल. मग फरशीतली भोके साफ करावीत. आतली जुनी गिट्टी काढून भुसा झटकावा आणि नवी गिट्टी हलक्या हाताने ठोकून बसवावी. पूर्वी मिस्त्री लाकडाची गुट्टी ठोकत. ती ओलीने कुजते, म्हणून आता वापरू नये.

गिट्टी भोकात सैल बसत असेल तर भोक फाटले आहे असे समजावे. ते साफ करून, ओले करून त्यात १ भाग सिमेंट व २ भाग बारीक रेती यांचा घट्ट माल दाबून भरावा. सात दिवस ओल द्यावी आणि मगच नवे भोक पाडावे. घाई केली तर माल भुगा होऊन निघतो.

स्क्रू घालण्याआधी भांडे कोणत्या बाजूला डुलते ते पाहून त्या फटीत कडक प्लॅस्टिकचे पातळ तुकडे पाचरीसारखे सारावेत. जुन्या डब्याच्या झाकणाचे तुकडे कापले तरी चालतात. लाकडाची पाचर फुगते नि कुजते, पुठ्ठा विरघळतो, सायकलच्या ट्यूबचा तुकडा दबतो. म्हणून या तिन्ही वस्तू वर्ज्य. भांडे डुलायचे थांबले की पाचरीचा बाहेर आलेला भाग कापून टाकावा.

आता स्क्रू. वायसर घालून दोन्ही बाजूंचे स्क्रू आळीपाळीने, अर्धा अर्धा फेरा आवळावेत. एकच बाजू पुरती आवळून मग दुसरीकडे वळू नये. भांडे चिनी मातीचे असते. ते भार सोसते, पण ताण सोसत नाही. स्क्रू घट्ट लागला की हात थांबवावा. "आणखी एक फेरा" या हव्यासात भांड्याचा पाय तडकला, तर नवे भांडे घ्यावे लागते.

शेवटी बुडाभोवती पांढऱ्या सिमेंटची बारीक दर्जा भरावी. मात्र मागच्या बाजूला दोन बोटांएवढी जागा मुद्दाम मोकळी सोडावी. पुढेमागे सांधा झिरपला तर पाणी त्या फटीतून बाहेर दिसेल. सगळीकडून बंद केले तर ते आतल्या आत मुरत राहील आणि आपल्याला पत्ता लागणार नाही. दर्जेवर ओले फडके ठेवावे आणि एक दिवस त्यावर कोणी बसू नये.

राख ओली झाली असेल तर मात्र भांडे उचलून मागचा सांधा नव्याने करावा लागतो. त्याला जाणता मिस्त्री बोलवावा. त्याला सांगून नुसत्या सिमेंटऐवजी रबरी जोड घालून घ्यावा. सिमेंटचा सांधा जरा हलला की तडकतो, रबर थोडी हालचाल सोसते.

स्क्रू तुटले कशाने?

आमच्या त्या घरी दोन तासांत काम झाले. पण निघता निघता मनात आले, दोनच वर्षांत स्क्रू गेले कसे? आजींनाच विचारले, "आजी, उठता कशा?" त्यांनी करून दाखवले. गुडघ्यांत जोर नाही, म्हणून दोन्ही हातांनी कमोडची कड धरून, अंग एका बाजूला झुकवून त्या उठत होत्या. म्हणजे रोज त्या भांड्याला जणू पहार लावून उपटत होत्या! यात त्यांचा काय दोष? धरायला दुसरे काही नव्हते.

तेव्हा म्हातारे माणूस असलेल्या घरी कमोडच्या बाजूच्या भिंतीला धरायची दांडी बसवलीच पाहिजे. बसल्यावर कोपरात हात वाकवून सहज पोचेल एवढ्या उंचीवर ती असावी. गुळगुळीत स्टीलची दांडी ओल्या हातातून सुटते. जस्ताच्या पाइपला सुतळी घट्ट गुंडाळली तरी पकड चांगली येते, फक्त सुतळी वरचेवर बदलावी.

एक सावधगिरी. आपल्या संडासांच्या भिंती बहुधा अर्ध्या विटेच्या असतात. त्यात गिट्टी ठोकून लावलेली दांडी माणसाच्या भाराने विटेसकट बाहेर येते. म्हणून भिंतीतून आरपार बोल्ट घालावा आणि बाहेरच्या बाजूने लोखंडी पट्टी लावून चाकी आवळावी. भिंतच कच्ची असेल तर जमिनीत दीड-दोन फूट गाडून, भोवती काँक्रीट करून पाइपचा खांब उभा करावा. आम्ही आजींसाठी हाच खांब उभा केला.

बसके भांडे हलत असेल तर

खेड्यांत बहुतेक घरी उकिडवे बसायचे भांडे असते. त्याला स्क्रू नसतात, ते फरशीतच बसवलेले असते. ते हलू लागले किंवा कडेने भेग पडली, तर बहुधा खालचा भराव खचलेला असतो. शोषखड्ड्यातून निघालेली मातीच जोत्यात लोटायची, धुम्मस न करता वरून फरशी करायची, ही नेहमीची चूक. त्यात जमीन कन्हारासारखी चिकण असली तर पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वरचे भांडे मग जागेवर कसे राहील?

या भांड्याची एक खूण ध्यानात ठेवावी. खेड्यासाठी केलेल्या या भांड्याचा उतार तीव्र असतो आणि त्याखालच्या वाकड्या नळीत सुमारे २० मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या रुंदीएवढे पाणी नेहमी साचून असते. म्हणूनच दीड-दोन लिटर पाण्यात ते साफ होते. खाली साचलेले तेवढे पाणी हेच वासाचे आणि माश्यांचे दार बंद ठेवते. भांडे कलले की पाणी एका बाजूला वाहून जाते आणि दार उघडे पडते. संडासाला अचानक वास येऊ लागला तर फिनेलची बाटली आणण्याआधी भांडे कलले का ते पाहावे.

दुरुस्ती अशी करावी. भांड्याभोवतीची फरशी छिन्नीने वीतभर रुंदीने काढावी. ठोके हलके द्यावेत, भांडे फुटू देऊ नये. खालची भुसभुशीत माती काढून टाकावी. तिच्या जागी विटांचे तुकडे आणि रेती थराथराने घालावी, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस करावी. वर काँक्रीटचा थर देऊन भांडे १ भाग सिमेंट व ३ भाग रेतीच्या मालात बसवावे. भांड्याखाली पोकळी राहता कामा नये.

पातळी पाहायला मिस्त्रीची लेव्हल नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोके भांड्याच्या दोन कडांना धरावीत. दोन्हीकडचे पाणी सारखे आले म्हणजे भांडे समतल. फरशीला मात्र चारही बाजूंनी भांड्याकडे थोडा उतार द्यावा. पाय ठेवायचे पायठे निघाले असतील तर खालची जागा छिन्नीने खरबरीत करून मगच माल लावावा. गुळगुळीत जागेवर लावलेले सिमेंट पापुद्र्यासारखे सुटते.

फरशीवर सात दिवस ओले पोते टाकून ठेवावे. या आठ दिवसांची सोय आधीच करून ठेवावी. शेजाऱ्याशी बोलून घ्यावे, त्यात लाज कसली? शेजारी बैलजोडी देतो, तो संडासही देईल. पण "आठच दिवस तर आहेत" म्हणून म्हाताऱ्यांना आणि पोरींना अंधारात रानाकडे पाठवू नये.

खड्डा खचला असेल तर

फरशी पुन्हा पुन्हा खचत असेल, किंवा पाणी टाकल्यावर मागे येत असेल, तर दोष बाहेरच्या खड्ड्याचा समजावा. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचे आणि पहिला दोन वर्षे झाकून ठेवायचा. मग त्यात काळे, बिनवासाचे खत तयार होते. अप्पासाहेबांचे सोनखत ते हेच. धानाच्या बांध्यांजवळ जिथे पावसाळ्यात पाणी वर येते, तिथे खड्डे उंचवट्यावर आणि उथळ करावेत. विहिरीपासून ते निदान १० मीटर लांब असावेत.

आणि हे ठळक अक्षरांत वाचावे: वापरात असलेल्या किंवा नुकत्याच बंद केलेल्या खड्ड्यात, टाकीत कोणीही उतरू नये. आत साचलेला वायू दोन श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. उजेडासाठी काडी ओढणेही धोक्याचे, कारण तो वायू पेट घेतो. संरक्षणाच्या साधनांशिवाय दुसऱ्या माणसाला आत उतरवणे तर २०१३ च्या कायद्याने गुन्हाच आहे. असे काम असेल तर ग्रामपंचायतीला सांगून उपसायचे यंत्र मागवावे.

वर्षातून एक दिवस

धान घरात आले, दिवाळीची सारवण-रंगोटी निघाली की त्यातलाच एक दिवस संडासाला द्यावा. जमीन तोवर सुकू लागलेली असते, घरात माणसे असतात, सामान आणायला चार पैसेही असतात. वर सांगितलेल्या चारही परीक्षा त्या दिवशी कराव्यात. दाराची कडी, आतला दिवा, पाण्याची बादली हेही पाहून घ्यावे. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवून विचारावे, "तुम्हांला तिथे भीती वाटते का?" म्हातारी माणसे आपणहून सांगत नाहीत. घराला आणखी खर्च नको म्हणून ती गुपचूप टमरेल उचलतात.

त्या घरून निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही आजींना नव्या खांबापाशी नेले. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला. मग कमोडवर बसल्या, डावीकडे झुकल्या, उजवीकडे झुकल्या आणि खांब धरून उठल्या. म्हणाल्या, "आता नाही हालत."

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला आम्हांला सवयीने जाग आली. फाटकाची कडी वाजली नाही. मागच्या अंगणातला दिवा मात्र लागला होता.